निळ्या भाताचा काला

मराठी पानाला स्वतःचा भूगोल असतो. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि मध्ये भाताची मूद, ही रचना माझ्या हाडीमाशी इतकी भिनलेली आहे की, कोशिंबिरीचे पाणी वरणभाताच्या हद्दीत शिरले, तरी माझा घास घशाशी अडतो. अशा माणसाने द्वीपकल्पीय मलेशियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, थायलंडच्या सीमेला लागून असलेल्या केलांतान राज्यात जाऊन नासी केराबू हा तिथला भाताचा पदार्थ मागवू नये, ही सूचना मला कोणीतरी आधीच द्यायला हवी होती.

कोता बारू ही केलांतानची राजधानी. तिथल्या मोठ्या बाजाराला प्रेषित महंमदांच्या पत्नीचे, सिती खदिजांचे, नाव आहे आणि त्यातील गाळ्यांवर बहुतकरून बायकाच विक्रीला बसतात. मी शिरलो त्या पत्र्याच्या छपराखालच्या लहानशा खाणावळीतही सत्ता एका माकचिकचीच होती. (वयाने वडील असलेल्या बाईला तिथे माकचिक म्हणतात आणि पुरुषाला पाकचिक.) तिने पुढ्यात ठेवलेला भात निळा होता. गोकर्णाच्या फुलांच्या पाण्यात तो शिजवतात. आमच्याकडे गोकर्णाचा वेल कुंपणावर चढतो आणि त्याची फुले फार तर महादेवाच्या पिंडीपर्यंत पोहोचतात. त्यांची मजल भातापर्यंत गेलेली मी प्रथमच पाहत होतो.

भाताभोवती चवळीच्या कोवळ्या शेंगांचे काप, मोड आलेले मूग, काकडी आणि उग्र वासाचा बारीक चिरलेला हिरवा पाला यांचे छोटे छोटे ढीग होते. भाजून कुटलेले खोबरे, माशाचा चुरा, खारवलेले अर्धे बदकाचे अंडे, मासा व खोबरे भरलेली मिरची आणि माशाचा पापड यांनी आपापल्या जागा धरलेल्या होत्या. सारे कसे सुटे, सुबक आणि आपल्या मर्यादेत होते. मला भरून आले. मी एका टोकापासून शिस्तीने, एकेक पदार्थ चाखत निघालो.

शेजारच्या मेजावरच्या पाकचिकचा घास हातातच थांबला. त्यांनी आधी माझ्या ताटाकडे पाहिले, मग माकचिककडे, आणि मग छपराकडे, म्हणजे बहुधा परमेश्वराकडे. शेवटी न राहवून त्यांनी बोटे हवेत गोल फिरवून मला सगळे एकत्र कालवण्याची खूण केली. मी नम्रपणे हसलो आणि काकडी संपवली. अनोळखी माणसाच्या ताटात हात घालणे शिष्टाचारात बसत नसल्यामुळे त्या सद्गृहस्थांनी, आपले ताट नुकतेच चाटूनपुसून झालेले असतानाही, केवळ माझ्या शिक्षणासाठी दुसरे ताट मागवले.

मग प्रात्यक्षिक झाले. त्यांनी पाला, मोड, खोबरे, मासा हे सारे भातावर लोटले, पापड मुठीत चुरडला आणि वर बुदू ओतले. बुदू म्हणजे मांदेलीच्या कुळातले चिमुकले मासे मिठात महिनोन्महिने मुरवून केलेले तपकिरी कालवण. सुकट भाजताना शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद होण्याची सवय असलेला मी, पण त्या वासाने माझीही खुर्ची दोन बोटे मागे सरकली. पाकचिकची पाचही बोटे ताटात फिरली आणि गोकर्णाच्या निळाईचा क्षणार्धात चिखल झाला. आता ते माझ्याकडे पाहत होते. माकचिकही पाहत होती. पापड तळणारा पोरगा झारा हातात धरून थांबला होता.

मी डोळे मिटून कालवले. त्या राखाडी घासात पाल्याचा कडवट सुगंध, खोबऱ्याचा खमंगपणा, मिरचीचा झटका आणि तळाशी बुदूचा खोल खारटपणा असे एकामागून एक येत राहिले. चव उत्तम होती, हे सांगताना मला आनंद होत नाही. कारण सुटेपणाने खाल्लेल्या त्याच पदार्थांत यातले निम्मेदेखील लागले नव्हते. पाकचिकने माझा चेहरा बारकाईने वाचला, मान डोलावली आणि शिक्षणकार्य संपल्यामुळे प्रात्यक्षिकाचे अख्खे ताट स्वतः फस्त केले.

हिशेबात माकचिकने दोन ताटे लावली, दोन्ही माझ्या नावावर. उद्या येणार का, असे तिने मला हसून विचारले. पण माझ्या मोडक्यातोडक्या मलायमध्ये उत्तराची जुळवाजुळव होण्याआधीच माझ्या वतीने पाकचिकने तिला ठाम होकार देऊन टाकला होता.