किडनी म्हणजे चहाची गाळणी नव्हे

आमच्या लालबागच्या चाळीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय. किडनी म्हणजे गाळणी, वर्षानुवर्षं तिच्यात मीठ आणि घाण साचते, कंबर धरते ती त्यामुळेच. कोथिंबिरीची जुडी उकळून पाणी प्या, सगळं लघवीवाटे निघून जाईल. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते पाणी सुरू करून बीपीची गोळी बंद केली, म्हणून लिहितेय.

आधी कंबर. किडन्या कमरेच्या वर, पोटाच्या मागच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. यकृतामुळे उजवी जराशी खाली. बादली उचलताना उसण भरते ती बहुतेक वेळा स्नायूंत. मुतखड्याची कळ बरगडीखालून जांघेकडे उतरते, ती वेगळी.

आता घाण साचण्याचं. अकरावीच्या मुलांना दाखवायला मी दरवर्षी बोकडाचा गुर्दा उभा चिरते. कडेला गडद पट्टा, आत गाभा, मधे पांढरट पोकळी. खाचेपाशी धमनी, शीर आणि मूत्रवाहिनी. गाळ कुठेच नसतो. साचणार कसा? माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं, त्यातलं लिटरभर या दोन मुठीएवढ्या अवयवांत जातं, तेही महाधमनीला फुटलेल्या फांद्यांतून थेट. त्या फांद्या बारीक होत होत केशवाहिन्यांचे गुंते बनतात, एकेका किडनीत सुमारे 10 लाख. दिवसाला 180 लिटर द्रव तिथे गाळला जातो आणि दीड-दोन लिटर सोडून सगळा रक्तात परत घेतला जातो. हवं ते निवडून परत घेणं कुठल्या गाळणीला जमतं?

आणि हे काकूंसाठी. इतर अवयवांत केशवाहिन्यांतलं रक्त शिरेत जातं. इथे गुंत्यातून निघालेलं रक्त पुन्हा धमनीच्याच बारीक फांदीत शिरतं. त्यामुळे गुंत्यात दाब टिकून राहतो, त्या दाबावरच गाळणं चालतं. बीपी वर्षानुवर्षं चढलेला राहिला की मार याच नाजूक वाहिन्यांना बसतो. दुखत काहीच नाही. कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतली प्रथिनं यांच्या तपासणीत. गोळी त्यासाठी असते, काकू.

राहिली कोथिंबीर. लघवी वाढते ती जास्त पाणी प्यायल्यामुळे. पण पाला उकळला की त्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. निकामी होत आलेल्या किडनीला ते पुरेसं बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून अशा रुग्णांना भाजी उकळून पाणी फेकायला सांगतात. मेसेज नेमकं तेच पाणी प्यायला सांगतोय. कुणाच्या घरी डायलिसिस चालू असेल, तर त्यांना आजच फोन करा.