फोटोंची ती एक पट्टी

काल रात्री ‘लेट मी इन’ तिसऱ्यांदा पाहिला. ‘लेट द राइट वन इन’ या स्वीडिश सिनेमाचा हा अमेरिकन रीमेक. आधीच सांगते, दोन्ही सिनेमांचे शेवट खाली फोडलेत. बघायचे असतील तर इथूनच मागे फिरा, आणि आधी स्वीडिश बघा.

मूळ गोष्ट यॉन आयविदे लिंडक्विस्टच्या २००४ च्या कादंबरीतली. तो स्वतः वाढला ते स्टॉकहोमचं उपनगर ब्लॅकेबर्ग, काळ १९८१. शाळेत रोज मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर, आणि शेजारी राहायला आलेली एली. तीही बाराचीच, फक्त फार वर्षांपासून बाराची, कारण ती व्हँपायर, माणसांच्या रक्तावर जगणारी. २००८ मध्ये टोमास आल्फ्रेडसनने त्यावर सिनेमा केला, पटकथा खुद्द लेखकाची. आणि २०१० मध्ये मॅट रीव्ह्जचा इंग्रजी अवतार हजर! अरे, आधीचा नीट पचू तरी द्यायचा.

रीमेक म्हणजे माती, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आता तितकं ठाम नाही.

कारण रीव्ह्जने नुसती नावं बदलून नक्कल केलेली नाही. कादंबरी सुरू होते तीच मुळी ब्लॅकेबर्गला इतिहास नाही, नऊ हजार वस्तीला एक चर्चसुद्धा नाही, हे सांगत. देव आणि भूत दोघांनाही जिथे जागा ठेवलेली नाही अशा नव्याकोऱ्या वसाहतीत ही पोर येते. रीव्ह्जने गोष्ट उचलून न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला नेली. पहिला अणुबॉम्ब जिथे तयार झाला ते गाव. साल १९८३. हॉस्पिटलच्या टीव्हीवर तेव्हाचा अमेरिकन अध्यक्ष रेगन भाषण देतोय, जगात पाप आहे, दुष्टपणा आहे. घरात आई सतत देवाचं करणारी, आणि तिचा चेहरा आपल्याला धड दिसतच नाही. पोरगा वेगळं राहणाऱ्या बापाला फोन करून विचारतो, माणसं दुष्ट असू शकतात का? बाप चिडतो, त्याला वाटतं हे आईचंच शिकवणं. स्वीडिश सिनेमात हा प्रश्न कुणाच्या तोंडीच नाही. तिथे प्रश्न थंडीचा आहे, एकटेपणाचा आहे, चायनीज हॉटेलात बसून पीत राहणाऱ्या चार रिकाम्या माणसांचा आहे. त्या माणसांना रीव्ह्जने जवळजवळ काढूनच टाकलं आणि एक पोलीस आणला. मला ती माणसं हवी होती. पण चर्च नसलेल्या गावाची गोष्ट देवाचं नाव घेतल्याशिवाय पान न हलणाऱ्या देशात न्यायची, तर काहीतरी बदलणारच, आणि इतपत बदल मला प्रामाणिक वाटतो. (आपल्याकडे ‘सैराट’चा ‘धडक’ झाला तेव्हा काय गळून पडलं, ते मी इथे परत उगाळत नाही.)

तो गाडीचा प्रसंगही रीव्ह्जचाच. पोरीसाठी रक्त मिळवायला मागच्या सीटवर लपलेला माणूस, बेत फसतो, गाडी उलटते, आणि कॅमेरा गाडीच्या आतच बसून राहतो. असा शॉट स्वीडिश सिनेमात नाही, कबूल.

मग माझं दुखणं काय? एक फोटोंची पट्टी.

एलीबरोबर एक म्हातारा राहतो, तिच्यासाठी माणसं मारून रक्त आणतो. कोण हा? कादंबरीत सरळ सांगितलंय, लहान मुलांबद्दल विकृत ओढ असलेला, नोकरी गेलेला शिक्षक. आल्फ्रेडसनने ते सगळं गाळलं आणि काहीच सांगितलं नाही. बाप? नोकर? प्रियकर? आपण बघत राहायचं. एलीचंही तसंच. ती ‘मी मुलगी नाही’ म्हणते, क्षणभर एक दृश्य दिसतं आणि जातं. आवाजसुद्धा त्या नटीचा नाही, दुसऱ्या मुलीचा जरा जाड आवाज वापरलाय. हे मला पहिल्यांदा बघताना कळलंही नव्हतं, नुसतं काहीतरी खटकत होतं. ते खटकणं म्हणजेच तर भीती.

रीव्ह्जच्या सिनेमात पोराला तिच्या घरात जुन्या फोटोंची पट्टी सापडते. त्यात ती, आणि शेजारी चष्मा घातलेला एक मुलगा. संपलं! म्हातारा म्हणजे तोच मुलगा, आणि आता आपल्या हिरोचा नंबर. बटाट्याचं साल काढावं तसं कोडं सोलून ताटात. आधीच्या सिनेमात ही शंका मनात यायची, पण ती शंका माझी होती.

प्रेक्षकाला झेपणार नाही असं ठरवून टाकायची ही खोड एकट्या दिग्दर्शकाची नव्हे. २००९ मध्ये मूळ सिनेमाची डीव्हीडी अमेरिकेत निघाली, तेव्हा थिएटरमधली चांगली सबटायटल्स काढून सोपी, वाक्यंच्या वाक्यं खाल्लेली सबटायटल्स घातली होती. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की पुढच्या प्रतींत जुनी परत घालू, असं कंपनीला कबूल करावं लागलं. म्हणजे सबटायटल वाचायला कंटाळतो म्हणून ज्याच्यासाठी आख्खा सिनेमा नव्याने काढायचा, तोच अमेरिकन प्रेक्षक पूर्ण सबटायटल्ससाठी भांडत होता. आणि सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून केलेल्या रीमेकने अमेरिकेतल्या तिकीटबारीवर तेवढेही कमावले नाहीत. मग हा बनवला कुणासाठी?

तरी काल एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली, आणि त्या पट्टीवरचा राग थोडा उतरला. दोन्ही सिनेमांचा शेवट ट्रेनमध्ये आहे. पोरगा बसलाय, शेजारी पेटी, पेटीत ती, आणि दोघं टकटक करून मोर्समध्ये बोलतायत. स्वीडिश सिनेमात तो टकटकीतून एक छोटासा पापा पाठवतो. अमेरिकन पोरगा टकटक झाल्यावर गुणगुणायला लागतो. त्याच्या आवडत्या गोळ्यांच्या जाहिरातीचं गाणं. थोड्या आत्ता खा, थोड्या नंतरसाठी ठेव.