तू इंडियन ना, मग ऑर्डर तूच दे

यूकेत ऑफिसची टीम जेवायला निघाली की मेन्यूकार्ड आपोआप माझ्या हातात येतं, का तर मी इंडियन. आता मी सांगलीचा, माझी धाव पिठलं-भाकरी ते मटणाचा रस्सा, आणि कार्डावर जालफ्रेझी, मद्रास, फाल. त्यात बरीचशी हॉटेलं सिल्हेटकडच्या बांगलादेशी मंडळींची, त्यामुळे वेटरही माझ्याकडे बघून नुसता गालात हसतो.

पहिलं पोस्टिंग बर्मिंगहॅम. बाल्टी म्हटल्यावर मला बाथरूमच आठवलं! तर आली पातळ पत्र्याची छोटी कढई, शिजवलंय त्यातच आणि वाढलंयही त्यातच, कडेला मसाला अजून चरचरतोय, सोबत अख्ख्या टेबलाला पुरेल असा गोधडीएवढा नान. भातबित मागायचा नाही, नानने पुसून खायचं. दोन महिन्यांत मी बाल्टीतला तज्ज्ञ झालो.

तो तोरा घेऊन ग्लासगोला गेलो, बाल्टी सांगणार तोवर सगळ्यांनी पकोडे मागवले, गुलाबी सॉसबरोबर, त्यातल्या एका प्लेटमध्ये हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस वगैरे (आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही). पुढे कार्डावर चाशनी दिसली, म्हटलं पाकातलं काहीतरी असेल, ही शेवटी मागवू. ती निघाली चिकनची करी, गुलाबी आणि गोड, आणि माझं नाव ऑफिसात डेझर्टवाला पडलं.

ब्रॅडफर्डला जरा इज्जत राहिली. तिथे करीबरोबर तीन चपात्या फुकट, काटे-चमचे ठेवलेलेच नाहीत, म्हटलं आता दाखवतो. तर यॉर्कशायरच्या गोऱ्या बॉसने एका हाताने चपाती मोडून माझ्याआधी ताट साफ केलं.

शेवटी कार्डिफ. तिथे मी विंदालू सांगितलं, निदान आपल्या शेजारच्या गोव्याचं, पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणातल्या डुकराच्या मटणावरून आलेलं, एवढं तरी मला माहीत होतं आणि ते मी सगळ्यांना पाच मिनिटं ऐकवलं. वेटर म्हणाला, ‘हाफ अँड हाफ?’ मला वाटलं हाफ प्लेट, हो म्हटलं. समोर आलं ते अर्धा भात, अर्धे चिप्स (म्हणजे तिकडचे फ्रेंच फ्राइज), शेजारी चिकन विंदालू, आणि त्यात बटाटा, बहुतेक नावातलं ‘आलू’ ऐकून कोणीतरी घातलेला.

‘तुमच्याकडे घरी पण असंच ना?’ बॉसने विचारलं.

तोंडात बटाटा होता, मी मान हलवली.