दोष फक्त माणसांचा नाही

ईमेलचा त्रास होतो तो कर्मचाऱ्यांना शिस्त नसल्यामुळे, हे ऑफिसच्या ईमेलवरच्या एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. शिस्त हवीच, पण सॉफ्टवेअरची रचनाही तपासायला हवी.

ईमेलसोबत येणाऱ्या कॅलेंडरचंच घ्या. दर आठवड्याला होणारी मीटिंग सहसा ती ठरवणाऱ्याच्या टाइम झोनला बांधलेली असते. अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरमध्ये मागे येतात. ज्या देशात घड्याळं बदलत नाहीत, तिथल्या सहकाऱ्याची मीटिंग मग आपोआप तासभर सरकते. माझी अशीच एक मीटिंग दुसऱ्या मीटिंगवर येऊन बसली आणि मी गैरहजर ठरले. कॅलेंडरमध्ये वेळ बदललेली दिसत होती, पण बदल झाल्याची सूचना आली नव्हती. आधीच्या दिवशी एक ओळ जरी दिसली असती तरी पुरे होतं.

'रिप्लाय ऑल'चंही, म्हणजे एकाचं उत्तर मेल मिळालेल्या सगळ्यांना जाण्याचंही, तसंच. शेकडो जणांना पाठवायची सूचना बीसीसीमध्ये (म्हणजे ज्या रकान्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत त्यात) पत्ते टाकून पाठवली, तर उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे जातं. हे नव्या माणसाला कोणी शिकवतच नाही. आणि आउटलुक या ईमेल प्रोग्रॅममधल्या 'रिकॉल'वर, म्हणजे पाठवलेली मेल परत घेण्याच्या सोयीवर, विसंबू नका, संस्थेबाहेरच्या पत्त्यावर गेलेली मेल त्याने परत येत नाही. त्यापेक्षा मेल एक मिनिट उशिरा सुटेल असा नियम लावून ठेवा. मला त्याचा फार उपयोग झाला आहे.