अंधांच्या मार्गदर्शक घोड्यांविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

पायांत छोटे बूट घातलेल्या बुटक्या घोड्याच्या छायाचित्रासह सध्या एक संदेश फिरत आहे. त्यात म्हटले आहे की अमेरिकेत अंध व्यक्तींना आता श्वानांऐवजी घोडे दिले जातात आणि कायद्याने त्यांना विमानासह सर्वत्र प्रवेश आहे. असे घोडे खरोखर आहेत. संदेशातील बाकीचा मजकूर मात्र दिशाभूल करणारा आहे.

नॉर्थ कॅरोलायनातील एका दांपत्याने १९९९ मध्ये अशा घोड्यांना शिकवण्याचा प्रयोग सुरू केला आणि २००१ मध्ये 'कडल्स' नावाची घोडी मेन राज्यातील एका अंध गृहस्थांची वाटाडी झाली. गुळगुळीत फरशीवर खूर घसरू नयेत म्हणून घातलेले बूट हास्यास्पद वाटले, तरी ते कामाचे आहेत. घोडा श्वानापेक्षा कितीतरी अधिक वर्षे जगतो, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याला गोठा आणि मोकळी जागा लागते, त्यामुळे मार्गदर्शक श्वानांची जागा त्याने घेतलेली नाही.

मार्च २०११ पासून लागू असलेल्या अमेरिकी न्याय विभागाच्या नियमांत साहाय्यक प्राणी म्हणजे केवळ श्वान. बुटक्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद असून, घोडा आवरता येतो का, त्याला मलमूत्राची शिस्त आहे का, त्याचा आकार व वजन त्या जागेला पेलवेल का आणि सुरक्षिततेला बाधा येते का, हे पाहूनच प्रवेश ठरतो. विमान कंपन्यांवर तर २०२१ पासून त्याला नेण्याचे बंधनच नाही.

म्हणून हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.