'हर्बल मंजन 99 टक्के जंतू मारतं': त्या फोटोमागचं खरं काय?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. पेट्री प्लेटचा, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवायच्या चपट्या बशीचा फोटो, मधोमध एक स्वच्छ वर्तुळ आणि खाली मजकूर: हर्बल मंजन 99 टक्के जंतू मारतं हे लॅबमध्ये सिद्ध झालंय, लवंगेच्या तेलाने कीड मरते, वनस्पतींचा अपाय नसतो, फ्लोराइड विष आहे म्हणून मुलांची पेस्ट बंद करा. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

अशी वर्तुळं खरोखर येतात. आगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीवर, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा दात किडवणारा जंतू पसरायचा, साधारण 6 मिलिमीटरचं भोक पाडून त्यात अर्क भरायचा आणि प्लेट 37 अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी भोकाभोवती जिथे वाढ नाही तो भाग पट्टीने मोजायचा. लवंग, कडुनिंब, मिसवाक यांची वर्तुळं चांगली दिसतात. पण अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर शेजारच्या भोकात नुसतं अल्कोहोल घालून बघावंच लागतं, कारण जंतू तेही मारतं. फॉरवर्डमधल्या प्लेटवर ते दुसरं भोकच नाही.

शिवाय प्लेटवर एकच जंतू असतो आणि अर्काला अख्खी रात्र मिळते. तोंडात मंजन जेमतेम दोन मिनिटं टिकतं, तेही लाळेत पातळ होऊन. तिथे शेकडो प्रजाती दातांवर चिकट थर करून बसलेल्या असतात आणि त्या थरात औषध सहज शिरत नाही. टक्क्यांचंही तसंच. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये 10 कोटींच्या घरात जंतू असतात. त्यातले 99 टक्के मेले तरी 10 लाख उरतात आणि बघता बघता पुन्हा वाढतात. थर निघतो तो घासल्याने. कडुनिंबाची काडी नीट चावून, कुंचा करून घासली तर तिनेही निघतो, आणि तिचं हे श्रेय मी कधीच नाकारणार नाही.

लवंगेतलं युजेनॉल ठणका बधिर करतं. दंतवैद्यसुद्धा तात्पुरत्या फिलिंगमध्ये ते झिंक ऑक्साइडबरोबर वापरतात. पण कीड म्हणजे आळी नव्हे. जंतू साखरेचं आम्ल करतात आणि त्यात इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, विरघळतं. पडलेला खड्डा तेलाने भरत नाही; दुखणं थांबल्यावर आतला संसर्ग मात्र पसरत राहतो. दात ठणकत असेल तर नायरच्या डेंटल कॉलेजची किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी गाठा.

वनस्पतींचा अपाय नसतो? मिश्री तंबाखूचीच असते, आणि तंबाखूही वनस्पतीच. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी ती वर्षानुवर्षं हिरड्यांवर घासली आणि तोंडाचा कॅन्सर ओढवून घेतला. 1992 मध्ये सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली ती याचसाठी.

राहिलं फ्लोराइड. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात ते जास्त आहे, तिथे दातांवर डाग पडतात, हाडंही दुखावतात. ती भीती खरी आहे. पण मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येतं. तो प्रश्न इथला नाही. आपल्याकडे पेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 1000 भागांपेक्षा) जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि तेवढ्याने इनॅमल पुन्हा घट्ट व्हायला मदत होते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्या, पुढे वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. हर्बलच आवडत असेल तर ट्यूब उलटी करून घटक वाचा आणि फ्लोराइड असलेली घ्या.