पोऱ्या काय करस?

आमच्या अमळनेर तालुक्यात माणसाला एक वेळ सातबारा पाठ नसला तरी चालतं, पण पोरगा काय करतो ते एका दमात सांगता आलं पाहिजे. ‘पुण्याला कंपनीत आहे’ एवढं म्हटलं की विषय मिटतो. कंपनी टायरची की टूथपेस्टची, कोणी विचारत नाही. माझा मुलगा इंजिनिअर होऊन मुंबईत एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आता हे एका दमात सांगून दाखवा.

“भाऊ, तुमना पोऱ्या काय करस?” टपरीवरचे आप्पा दर आठवड्याला नव्याने विचारतात. ‘बेस’ हा शब्द त्यांना लगेच कळला, कारण लग्नातल्या डीजेचा बेस सगळ्या गावाने छातीवर झेललेला आहे.

“म्हणजे डीजे.”

“नाही, इंडी.”

“हिंदी?”

“इंडी! इंडिपेंडंट. मागे कंपनी नाही. रेकॉर्डिंगचा खर्च आपला, पोस्टरचा आपला, नाही चाललं तर तोटाही आपलाच.”

आप्पांनी विडी विझवली. “कपाशीच ना मंग.”

इतकी नेमकी व्याख्या माझ्या मुलालाही जमलेली नव्हती.

तरी कपाशीला क्विंटलवर भाव असतो. गाण्याचं गणित वेगळंच. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपवर तीस सेकंद वाजलं की एक वेळ धरतात, आणि 2024 पासून वर्षभरात हजार वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचा एक छदामही मिळत नाही. हे मी टपरीवर बोललो, तिथे चुकलो. गावाने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखी कंबर कसली. पोरं एकतिसाव्या सेकंदाला गाणं तोडायची आणि पुन्हा लावायची. दूध डेअरीत तेच, सलूनमध्ये तेच. पण त्या गाण्यात शब्द सुरू व्हायलाच चाळीस सेकंद लागतात! त्यामुळे अख्ख्या गावाने गाणं ऐकलं, पण ते पोरगा गातो की पोरगी, हे आजही कोणाला ठाऊक नाही. पैसे किती आले, ते मी गावाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना चहा पाजायचा म्हटला असता, तर वरचे मलाच घालावे लागले असते.

शेवटी ही म्हणाली, एकदा स्वतः जाऊन बघून या. रात्री खान्देश एक्स्प्रेस पकडली. सोबत कळण्याची भाकरी, ठेचा आणि पोराची काळजी. पहिल्या दोन वस्तू लोअर परळला कार्यक्रमाच्या दारावरच काढून घेतल्या. बाहेरचं खाणं चालत नाही.

जागा म्हणजे जुन्या गिरणीचं आवार. आजोबा सांगायचे, आपला कापूस मुंबईच्या गिरण्यांत जातो. 1982 च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बसल्या, आता तिथे रंगीत दिवे लागतात. कदाचित याच भिंतींत आमच्या गाठी उतरल्या असतील. आता पणतू उतरला होता. भाव तेव्हाही पलीकडच्याने ठरवला, आताही तोच ठरवतो.

तिकिटावर आठची वेळ, सुरू झालं साडेनऊला. हळदीला सातचे दहा होतात हे मी समजू शकतो, पण तिकीट लावून? आणि बसायला खुर्ची नाही! एक पोरगा माईकवर “चेक, चेक” म्हणाला, मी टाळ्या वाजवल्या. कोणीच वाजवल्या नाहीत. मुलाने वरून पाहिलं आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागला.

ऐकायला पन्नासेक माणसं असतील, त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर गिटारच्या पिशव्या. म्हणजे हे दुसऱ्या बँडवाले. आज यांनी त्यांचं ऐकायचं, पुढच्या शनिवारी त्यांनी यांचं. आमच्याकडे आहेर असाच फिरतो, एकच टॉवेल-टोपी पाच लग्नं करून परत घरी येते.

मधे एका गाण्यात बाकीचे सगळे थांबले आणि नुसत्या त्याच्या चार तारा वाजत राहिल्या. ते बरं होतं. (त्याला कळवलेलं नाही.)

मिळालेल्या पैशांचे पाच वाटे झाले, आणि त्यातला पाचवा ड्रमच्या टॅक्सीने नेला.

गावी परतलो तर आप्पा तयारच होते. “कसं व्हयनं?”

“बरं झालं. दोन तास उभ्यानं ऐकलं.”

“उभं ऱ्हाईसन?” आप्पांनी काडीपेटी खाली ठेवली. “मंग तिकीट अर्धं लेवाले पाहिजे ना!”